स्वस्त प्रोसेसरची चाल, स्वस्त बोर्डाची ऐपत

दोन कोरचा स्वस्त प्रोसेसर घ्यायचा, तो तितक्याच स्वस्त मदरबोर्डावर बसवायचा आणि बायोसमध्ये दोन-चार आकडे बदलून दुप्पट किमतीच्या प्रोसेसरचं काम त्याच्याकडून करून घ्यायचं, हा ओव्हरक्लॉकिंगचा उद्योग साधारण २००६ ते २०१० या वर्षांत ऐन भरात होता. त्याच्यावर तेव्हा भरपूर लिहिलं गेलं आणि त्या लिखाणाचा नायक बहुतेक वेळा प्रोसेसरच होता. अमुक चिप किती गिगाहर्ट्झपर्यंत गेली, तमुक कोणत्या कूलरवर टिकली, याच्या याद्या झाल्या. ज्या बोर्डावर हे आकडे निघाले तो मात्र अनेकदा प्रोसेसरपेक्षा कितीतरी महाग असे, आणि ही गोष्ट एखाद्या ओळीत उरकलेली असे. चढाओढीचा धुरळा खाली बसल्यावर आता या प्रकाराकडे पाहिलं तर हिशेब वेगळा दिसतो. जादा वेग प्रोसेसरमध्ये दडलेला होता हे खरंच; पण त्यातला किती हाती लागेल हे बोर्ड ठरवत होता. म्हणून स्वस्त बोर्डाच्या बाबतीत व्होल्टेजला हात न लावता जेवढा वेग मिळतो तेवढाच व्यवहारात धरावा असं माझं मत आहे. त्यावरचा आकडा खोटा नसतो, पण तो दुसऱ्या कुणाच्या बोर्डावरचा असतो.

हा वेग मुळात दडलेला का होता? त्याचं पहिलं ठळक उदाहरण एका कोरच्या काळातलं आहे. ऑगस्ट १९९८ मध्ये इंटेलने सेलेरॉन ३००ए आणला. प्रोसेसरचा वेग म्हणजे बसचा वेग गुणिले मल्टिप्लायर; इथे ६६ मेगाहर्ट्झची बस आणि ४.५ चा मल्टिप्लायर, म्हणून ३०० मेगाहर्ट्झ. त्या काळच्या ४४०बीएक्स चिपसेटच्या बोर्डावर बस १०० ला नेली की हाच प्रोसेसर ४५० मेगाहर्ट्झवर चाले, आणि बरेच नग कसलीही कुरकुर न करता चालत. पेंटियम २ ची कॅश आकाराने मोठी होती, पण ती वेगळ्या चिपवर निम्म्या वेगाने धावे. सेलेरॉनची १२८ किलोबाइटची कॅश प्रोसेसरच्या अंगातच पूर्ण वेगाने धावत असल्याने गरिबाचा प्रोसेसर श्रीमंताच्या पंगतीला सहज बसला. यात वापरणाऱ्याची करामत थोडी आणि विकणाऱ्याची किंमतपट्टी जास्त होती. कारखान्यातून निघणारा बहुतेक माल चांगला असतो, पण बाजाराला मागणी मुख्यत: स्वस्त मालाची असते, तेव्हा चांगल्याच मालावर कमी वेगाचा शिक्का मारून तो खालच्या पायरीवर ठेवावा लागतो.

२००६ च्या जुलैमध्ये कोअर २ ड्युओ आल्यावर हीच परिस्थिती दोन कोरांसह आणि अधिक मोठ्या प्रमाणावर परत आली. सर्वांत वरच्या एक्स६८०० चा वेग २.९३ गिगाहर्ट्झ आणि किंमत ९९९ डॉलर; तळाच्या ई६३०० चा वेग १.८६ आणि किंमत १८३ डॉलर. पुढच्या जूनमध्ये त्याहून खाली पेंटियम ड्युअल-कोअर ई२१४० आणि ई२१६० आले, अनुक्रमे ७४ आणि ८४ डॉलरना. वेग १.६ आणि १.८ गिगाहर्ट्झ, कॅश एक मेगाबाइट. तंत्र तेच ६५ नॅनोमीटरचं, कोरची रचना तीच. यावर एक रास्त आक्षेप घेतला जातो, तो असा की चिपांची वर्गवारी कारखान्यात चाचणी करूनच होते, तेव्हा १.८ चा शिक्का बसलेली चिप खरोखरच कमी कुवतीची असू शकते. असू शकते, आणि काही असतही. पण ज्या तंत्रातून तीन गिगाहर्ट्झच्या आसपास धावणारा माल नित्य निघतो, त्यात १.८ लाच दम तोडणाऱ्या चिपा इतक्या संख्येने निघणार नाहीत की त्यांच्यावर जगभरच्या स्वस्त संगणकांची गरज भागेल. आधीच्या पेंटियम ४ च्या पिढीत वेग वाढवण्याची शर्यत उष्णतेपाशी येऊन थांबली होती. कोअर २ च्या रचनेने तीच कामं कमी ठोक्यांत आणि कमी विजेत करायला घेतली, त्यामुळे वरच्या अंगाला मोकळी जागा राहिली, आणि खालच्या पायऱ्यांवर ती सर्वांत जास्त होती.

ही मोकळी जागा वापरायचा रस्ता मात्र बोर्डावरून जात होता. मल्टिप्लायर इंटेलने ९० च्या दशकाच्या अखेरीपासूनच कुलूपबंद केला होता. कमी वेगाच्या चिपांवर जास्त वेगाचा छाप मारून विकणाऱ्या दलालांचा सुळसुळाट झाला होता, त्याला आळा घालणं हे त्यामागचं सांगितलेलं कारण. आपली किंमतपट्टी राखणं हे न सांगितलेलं. तेव्हा हातात उरली ती फक्त बस. ८०० चा एफएसबी (प्रोसेसरची बस) म्हणजे प्रत्यक्षात २०० मेगाहर्ट्झ, दर ठोक्याला चार वेळा माहिती नेणारा. ई२१६० चा मल्टिप्लायर ९, म्हणून १.८ गिगाहर्ट्झ. बस २६६ केली की २.४, आणि ३३३ केली की ३.०. पण बस वाढली की तिच्याबरोबर बोर्डावरचा नॉर्थब्रिज (प्रोसेसर आणि रॅम यांना जोडणारी चिप) आणि रॅम दोघांची चाल वाढते. प्रोसेसर तयार असतो, नॉर्थब्रिज नसतो. पी३५ सारख्या चिपसेटवर ४०० च्या पुढे जाणं नेहमीचं होतं. जी३१ किंवा ९४५ जातीच्या चिपसेटवर बहुतेक बोर्ड त्याच्या खूप अलीकडे अडखळत. काही जुन्या चिपसेटांवर तर पीसीआयची गती बसपासून वेगळी बांधलेली नव्हती, आणि तिथे बस ताणली की हार्ड डिस्कवरचा मजकूर बिघडण्यापर्यंत मजल जाई.

इथे प्रोसेसर-केंद्री लिखाणाची पहिली चूक दिसते. सर्वांत स्वस्त चिप घ्या, कारण तिची टक्केवारी सर्वांत मोठी, असा सल्ला तेव्हा सर्रास मिळे. ई२१४० दुप्पट होतो, १.६ वरून ३.२ वर जातो, हे ऐकायला भारी वाटतं. पण त्याचा मल्टिप्लायर ८, म्हणजे ३.२ साठी बस ४०० हवी, आणि ती स्वस्त बोर्डाजवळ नाही. याउलट ऑगस्ट २००८ मध्ये ८४ डॉलरनाच आलेला ४५ नॅनोमीटरचा ई५२०० पाहा. मूळ वेग २.५ गिगाहर्ट्झ, मल्टिप्लायर १२.५. बस फक्त २६६ ला नेली, जी बहुतेक साध्या बोर्डांना अधिकृतपणे झेपत होती, तरी तो ३.३३ ला पोचतो. टक्केवारीत ही वाढ तेहतीसच. पण वापरणाऱ्याला टक्केवारी चालवायची नसते, काम चालवायचं असतं. बोर्ड साधा असेल तर मोठ्या मल्टिप्लायरची चिप घ्यावी, दहा डॉलर जास्त गेले तरी, हा निष्कर्ष सरळ गुणाकारातून निघतो. तरीही चर्चेत तो मागेच राहिला, कारण चर्चा करणाऱ्यांचे बोर्ड साधे नव्हते.

ज्या बोर्डांच्या बायोसमध्ये बस बदलायची सोयच नव्हती, त्यांची गोष्ट यापेक्षा रंजक आहे. ब्रँडेड संगणकांतले बोर्ड आणि इंटेलचे स्वत:चे बरेच साधे बोर्ड या जातीचे. प्रोसेसरच्या बुडाशी काही पॅड असे असतात की ज्यांवरून बोर्डाला कळतं, या चिपला कोणती बस हवी. त्यांना बीएसईएल म्हणतात. यातला नेमका एक पॅड बारीक चिकटपट्टीच्या तुकड्याने झाकला की ८०० च्या चिपला बोर्ड १०६६ ची समजतो आणि ई२१६० सुरू होतानाच २.४ वर सुरू होतो. पट्टीचा तुकडा तांदळाच्या कणीपेक्षा लहान. शेजारच्या पॅडवर सरकला तर संगणक सुरूच होत नाही. या युक्तीला गमतीची गोष्ट म्हणून बाजूला टाकलं जातं, पण माझ्या मते संपूर्ण प्रकारातली सर्वांत शहाणी वाट हीच होती. कारण तिच्यात बोर्डाला त्याच्या कागदोपत्री मर्यादेबाहेरचं काहीच करावं लागत नाही. १०६६ ची बस त्याला मान्यच असते, रॅमची टायमिंग्ज तो त्या बसप्रमाणे स्वत:च लावतो आणि व्होल्टेज आहे तिथेच राहतं. जादा ओझं पडतं ते फक्त चिपवर, आणि चिपजवळ तर ते पेलायला जागा होती.

आता व्होल्टेजकडे येऊ, कारण खरा प्रश्न इथे आहे. एसएमपीएसमधून येणाऱ्या १२ व्होल्टचं सव्वा-दीड व्होल्टमध्ये रूपांतर बोर्डावर प्रोसेसरच्या शेजारी होतं. कॉइल, कपॅसिटर आणि मॉस्फेट यांच्या ठरावीक संचाला फेज म्हणतात. स्वस्त बोर्डावर असे तीन फेज, मॉस्फेट उघडे, त्यांच्यावर हीटसिंक नाही. प्रोसेसर जी वीज खातो ती साधारणपणे वेगाच्या प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. समजा ई२१६० मूळ वेगाला, १.३० व्होल्टवर, पूर्ण भाराखाली ४० वॅट घेतो. म्हणजे ३१ अँपिअर, प्रत्येक फेजवर दहाच्या थोडं वर. व्होल्टेज तेच ठेवून २.४ ला गेलो तर ५३ वॅट, ४१ अँपिअर, फेजवर चौदाच्या आत. पण ३.० साठी व्होल्टेज १.४५ करावं लागलं तर आकडा ८३ वॅटवर जातो, ५७ अँपिअर, फेजवर १९. मॉस्फेट तापतो तो मुख्यत: प्रवाहाच्या वर्गाने. म्हणजे २.४ ला त्याचा ताप पावणेदोनपट झाला आणि ३.० ला जवळजवळ साडेतीनपट. वेग वाढला दोन्ही पायऱ्यांवर सारखाच, सहाशे-सहाशे मेगाहर्ट्झ. पहिल्या सहाशेची किंमत आणि दुसऱ्या सहाशेची किंमत यांत जी दरी आहे ती प्रोसेसरच्या तापमानात नीट दिसतच नाही, कारण प्रोसेसरवर पंखा असतो. ती दरी बोर्डाच्या त्या उघड्या कोपऱ्यात असते आणि स्वस्त बोर्डावर तिथलं तापमान मोजायला सेन्सरही नसतो. हा हिशेब ढोबळ आहे. त्यात चिपमधून नुसती झिरपणारी वीज धरलेली नाही, आणि ती धरली तर व्होल्टेजची बाजू आणखी वाईट दिसते.

यावर जाणकार असं विचारतील की हेच तीन-फेजवाले बोर्ड ९५ वॅटचा कोअर २ क्वाडही चालवतात असं कंपनीच्या यादीत छापलेलं असतं. मग ८३ वॅटने काय बिघडणार? प्रश्न चोख आहे आणि काही बोर्डांपुरतं त्याचं उत्तर 'काही बिघडणार नाही' असंच आहे. बोर्ड घेताना त्या यादीत ९५ वॅटचा क्वाड आहे का हे पाहणं ही स्वस्तातली सर्वांत उपयोगी परीक्षा आहे, कारण बऱ्याच साध्या बोर्डांच्या यादीत तो नसतोच. पण असला तरी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात. ९५ वॅट ही रोजच्या वापराची पातळी म्हणून दिलेली नसते; ती वरची हद्द असते आणि तिथे बोर्डाची सगळी राखीव ताकद खर्च झालेली असते. आणि दुसरी जास्त मजेदार. इंटेलच्या डब्यातला गोल, बसका पंखा हवा खाली ढकलतो; ती हवा बोर्डावर आपटून चहूबाजूंना पसरते आणि जाताजाता मॉस्फेट निवतात. ओव्हरक्लॉकिंगसाठी माणूस पहिलं काय करतो, तर तो पंखा काढून उंच टॉवर कूलर बसवतो. त्याची हवा आडवी जाते. प्रोसेसर थंड होतो, मॉस्फेट मात्र होता तो वाराही गमावतात.

याच मुद्द्याचा दुसऱ्या बाजूने पुरावा पेंटियम डी ८०५ देतो. २००६ मध्ये त्याचं मोठं कौतुक झालं. २.६६ गिगाहर्ट्झचा, सुमारे १३० डॉलरचा, दोन कोरचा प्रोसेसर. बस १३३ आणि मल्टिप्लायर तब्बल २०. बस २०० केली, जी तेव्हाच्या साध्या बोर्डांनाही अधिकृतपणे मान्य होती, की थेट ४.० गिगाहर्ट्झ. म्हणजे आधी सांगितलेली मल्टिप्लायरची अट इथे मनासारखी पुरी होते. पण ही चिप जुन्या, वीज पिणाऱ्या घराण्यातली. मूळ वेगालाच तिचं रेटिंग ९५ वॅट. चार गिगाहर्ट्झला नेताना व्होल्टेज वाढवावंच लागे, आणि मग स्वस्त बोर्डाचा वीजविभाग, स्वस्त एसएमपीएस आणि डब्यातला पंखा या तिघांपैकी कुणीच तिला पुरत नसे. बस झेपली, वीज झेपली नाही. स्वस्त बोर्डाच्या मर्यादा दोन आहेत आणि एकीतून सुटका झाली म्हणजे दुसरीतून होत नाही, हे या चिपने जितकं स्वच्छ दाखवलं तितकं दुसऱ्या कुठल्या चिपने दाखवलं नाही.

एएमडीच्या घरी चित्र वेगळं होतं, पण बोध फार वेगळा नव्हता. तिथे मेमरी कंट्रोलर प्रोसेसरमध्येच असल्याने नॉर्थब्रिजची कटकट कमी. जून २००९ मध्ये आलेला फिनॉम २ एक्स२ ५५० ब्लॅक एडिशन तर मल्टिप्लायर मोकळा ठेवूनच विकला गेला, १०२ डॉलरना, ३.१ गिगाहर्ट्झवर. शिवाय तो चार कोरच्या चिपचे दोन कोर बंद करून बनवलेला. एसबी७५० किंवा एसबी७१० साउथब्रिजच्या बोर्डावर अ‍ॅडव्हान्स्ड क्लॉक कॅलिब्रेशन नावाची सोय चालू केली की नशीब असेल तर झोपलेले दोन कोर जागे होत. दोनच्या पैशांत चार! पण चार कोर जागे झाले की त्यांना वीजही चार कोरांची लागते, आणि एएमडीच्या स्वस्त बोर्डांचा वीजविभाग किती तोकडा असतो हे बाजाराने वर्षभर आधीच पाहिलं होतं. २००८ मध्ये ७८०जी चिपसेटच्या काही बोर्डांवर १२५ वॅटचा फिनॉम ९८५० बसवल्यावर बोर्ड जळाल्याच्या तक्रारी झाल्या होत्या. तेही कसलंच ओव्हरक्लॉकिंग न करता. तिथे दोष चिपचा नव्हता.

आपल्याकडच्या परिस्थितीचा विचार इथे करायलाच हवा, कारण त्या काळात महाराष्ट्रात घरात किंवा लहान ऑफिसात आलेला संगणक बहुधा असेंबल केलेला असे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा गावातल्या ओळखीच्या दुकानातून सुटे भाग घेतलेले, जी३१ चा बोर्ड, आणि कॅबिनेटबरोबर येणारा, अंगावर ४५० वॅट छापलेला पण तेवढे कधीही न देणारा एसएमपीएस. परदेशी चाचण्या वीस-बावीस अंशांच्या खोलीत, अनेकदा उघड्या टेबलावर होत. ठरावीक वॅटला कूलर चिपला भोवतालच्या हवेपेक्षा ठरावीक अंशांनी वर ठेवतो. भोवतालची हवाच वीस अंशांनी गरम असेल तर सगळं गणित वीस अंशांनी वर सरकतं. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात, पंचेचाळिशीच्या घरात पारा असताना, बंद कॅबिनेटमधल्या उघड्या मॉस्फेटची अवस्था काय होत असेल हे त्या चाचण्यांत शोधून सापडणार नाही. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य दर दहा अंशांना साधारण निम्मं होतं, आणि स्वस्त बोर्डावर कपॅसिटर त्याच जातीचे असत. माथ्यावर फुगलेले कपॅसिटर दुरुस्तीच्या दुकानांत नवे नव्हते. डिसेंबर-जानेवारीत पक्की केलेली सेटिंग उन्हाळ्यात कोसळते ती यामुळेच. म्हणून चाचणी करायचीच तर ती वैशाखात करावी.

चिपचं आयुष्य कमी होतं, हा सर्वांत जुना आक्षेप. तो भौतिकदृष्ट्या खरा आहे. जास्त तापमान आणि जास्त प्रवाह यांनी चिपमधल्या सूक्ष्म तारा हळूहळू झिजतात. पण व्होल्टेज न वाढवता चालवलेला दोन कोरचा प्रोसेसर झिजून मरायच्या कितीतरी आधी निरुपयोगी होतो. त्याच्या आधी बोर्ड जातो. तेव्हा आयुष्याची काळजी करायचीच तर ती बोर्डाची करावी. याहून गंभीर आक्षेप मला चुकीच्या उत्तरांचा वाटतो. संगणक बंद पडला तर कळतं; तो न पडता एखादा आकडा चुकवत असेल तर कळत नाही. घरातल्या मशीनवर चूक पकडणारी इसीसी रॅम नसते. प्राइम९५ किंवा मेमटेस्ट८६ काही तास चालवून पाहणं हा उपाय आहे, आणि तो बहुतेक जण कंटाळून अर्ध्यावर सोडतात. गेम खेळताना एखादा ठिपका चुकीच्या रंगाचा आला तर कुणाचं काही जात नाही; टॅलीचा वर्षभराचा डेटा असलेल्या मशीनवर मात्र शेवटचे दोनशे मेगाहर्ट्झ मिळवण्याचा हट्ट मला समजत नाही.

पैशांचा हिशेब यात बसवून पाहू. २००७ च्या जुलैत इंटेलने दर उतरवले तेव्हा २.३३ गिगाहर्ट्झचा ई६५५० १६३ डॉलरना आला. ८४ डॉलरचा ई२१६० साध्या बोर्डावर, मूळ व्होल्टेजवर २.४ ला चालवला की वेगात तो त्याच्या किंचित पुढे जातो. कॅशमध्ये मागे राहतो, कारण तिकडे चार मेगाबाइट आणि इकडे एक. गेममध्ये हा फरक जाणवतो, व्हिडिओ एन्कोडिंगसारख्या कामात फारसा नाही. तरीही ७९ डॉलर वाचले आणि गमावलं थोडंच. हा सौदा निर्विवाद चांगला. आता ३.० चा मोह धरला तर हीटसिंकवाला बोर्ड, वेगळा कूलर आणि नावाजलेला एसएमपीएस लागतो, आणि वाचलेले ७९ डॉलर तिथेच संपतात. पूर्ण भाराच्या वेळी मूळ वेगापेक्षा ४३ वॅट जास्त लागतात. रोज चार तास असा भार पडत असेल तर वर्षाला बासष्ट-त्रेसष्ट युनिटं, रूपांतरातला तोटा वेगळा. छंद म्हणून हे सगळं करायला कुणाची ना नाही. पण छंदाचा खर्च बचतीच्या खात्यावर टाकू नये, आणि तेव्हाच्या लिखाणात तो सर्रास टाकला जाई.

जानेवारी २०११ मध्ये सँडी ब्रिज आला आणि स्वस्त चिपांपुरता हा अध्याय जवळपास मिटला. बोर्डावरच्या पीसीआय एक्सप्रेस आणि साटासकट सगळ्यांच्या ठोक्याचा उगम आता एकच झाला, १०० मेगाहर्ट्झचा. तो थोडाही हलवला की सगळंच डळमळतं. मल्टिप्लायर मोकळा फक्त 'के' अक्षराच्या महाग चिपांना, आणि तोही पी६७ किंवा झेड६८ च्या बोर्डावर. जी मोकळी जागा आधी चुकून ग्राहकाच्या पदरात पडत होती ती कंपनीने आता स्वत:च विकायला काढली: थोडी टर्बोच्या रूपाने, थोडी 'के'च्या जादा किमतीत.

अपवाद म्हणून २०१४ च्या मध्याला पेंटियम जी३२५८ आला, पेंटियम नावाच्या विसाव्या वाढदिवसानिमित्त. ३.२ गिगाहर्ट्झ, दोन कोर, ७२ डॉलर, मल्टिप्लायर मोकळा. बोर्ड कंपन्यांनी एच८१ आणि बी८५ सारख्या स्वस्त चिपसेटवरही बायोस बदलून त्याला वाट करून दिली, आणि ४.२ ते ४.५ हे आकडे अशा बोर्डांवरही दिसू लागले. माझ्या मुद्द्याला हा छेद वाटेल; पण हॅसवेल पिढीत व्होल्टेजचं शेवटचं रूपांतर प्रोसेसरच्या आतच होत होतं. बोर्डाने फक्त सुमारे १.८ व्होल्ट पुरवायचे. त्याच वॅटला प्रवाह कमी, म्हणून मॉस्फेटवर ताण कमी. बोर्ड एकाएकी धट्टाकट्टा झाला नव्हता, त्याचं काम हलकं झालं होतं. पुढे इंटेलच्या नव्या मायक्रोकोडने ही वाट बुजवली. विंडोज १० बरोबर तो मायक्रोकोड आला तेव्हा अशा बोर्डांवरची ओव्हरक्लॉक केलेली मशीनं सुरू होतानाच अडकू लागली आणि लोकांना विंडोजमधली ती फाइल शोधून बाजूला करावी लागली. त्याआधीच, नोव्हेंबर २०१४ मध्ये, फार क्राय ४ हा गेम दोन कोर, दोन थ्रेडच्या प्रोसेसरवर सुरूच होईना. ४.५ गिगाहर्ट्झ असोत की साडेपाच, त्याला चार थ्रेड हवे होते. वेग वाढवून कोरांची उणीव भरून काढता येते या समजुतीला तो जाहीर धक्का होता.

उरलेल्यांची दखल थोडक्यात पुरे. जानेवारी २०१७ चा कोअर आय३-७३५०के मोकळ्या मल्टिप्लायरचा असला तरी १६८ डॉलरचा. १८२ डॉलरना खऱ्या चार कोरचा आय५-७४०० मिळत असताना आणि वर झेड-मालिकेचा बोर्डही घ्यावा लागत असताना तो कुणासाठी काढला हे कोडंच आहे. एएमडीने ४९ डॉलरचा अ‍ॅथलॉन ३०००जी २०१९ च्या नोव्हेंबरात मोकळा विकला. ३५ वॅटची चिप असल्याने साधा बी४५० बोर्डही तिला पुरून उरे, पण त्याहून स्वस्त ए३२० वर ओव्हरक्लॉकिंग बंद, आणि वाढ जेमतेम दहा-पंधरा टक्क्यांची. २०२२ मध्ये बाराव्या पिढीत बसचा जुना मार्ग काही काळ पुन्हा उघडला. ज्या बोर्डांवर ठोका देणारी स्वतंत्र चिप बसवलेली होती तिथे कुलूपबंद प्रोसेसरांचाही वेग वाढवता येऊ लागला, दोन कोरचा ४२ डॉलरचा सेलेरॉन जी६९०० सुद्धा. मात्र ती स्वतंत्र चिप सुरुवातीला होती महागड्या बोर्डांवर, सेलेरॉनच्या कितीतरी पट किमतीच्या.

भारतात जी४१ चे नवे बोर्ड मूळ काळ संपल्यावरही बरीच वर्षं विकले जात होते, आणि जुन्या बाजारात ई५२०० आजही किरकोळ पैशांत मिळतो. अशा मशीनवर बस २६६ ला नेऊन ३.३३ गिगाहर्ट्झ घ्यायला हरकत काहीच नाही. त्यात बोर्डाला तोशीस नाही. पण रॅम दोन जीबीवर अडलेली आणि हार्ड डिस्क फिरती असेल तर तो वेग कुणाला दिसणारही नाही. पहिले पैसे एसएसडीवर घालावेत. आणि एवढ्यानेही भागत नसेल तर इंटेलचा २०२३ चा एन१०० सहा वॅटच्या रेटिंगमध्ये चार कोर देतो आणि चार गिगाहर्ट्झला ताणलेल्या ई५२०० ला मागे टाकतो, तेही बोर्डावर सोल्डर केलेला आणि ओव्हरक्लॉकिंगची कसलीच सोय नसलेला.